छू करायला सगळ्यांना येतं, मग परत बोलवायला करंट का लागतो?

ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली. मंगळवेढा-सांगोल्याकडच्या आपल्या पट्ट्यात आता पाऊस पडेपर्यंत सकाळ-संध्याकाळ कारवानी कुत्री पळताना दिसणार. जत्रा, कुत्र्यांच्या शर्यती, पिल्लांची खरेदी-विक्री, सगळं याच दिवसांत. आणि यंदा या सगळ्यासोबत एक वस्तू जोरात विकली जातेय. करंटचा पट्टा. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात, रिमोट आपल्या हातात. कुत्रं लांब गेलं, हाक मारून येईना, की बटण दाबायचं. गळ्याला झटका बसतो. दोन-तीन हजारांत घरपोच मिळतो, आणि शिकारी कुत्रं आठवड्यात हाकेला येईल अशी हमी वर फुकट.

महिनाभरात दहा-बारा जणांनी मला फोन करून विचारलं, "घेऊ का?" घरात तीन पिढ्या कारवानी कुत्री आहेत, म्हणून लोक विचारतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण कुत्रं पाळत असाल तर पाच-दहा मिनिटं काढा.

माझं मत आधीच सांगतो. घेऊ नका. घेतला असेल तर ज्या कामासाठी घेतलाय, म्हणजे कुत्र्याला परत बोलवायला, त्या कामासाठी तर अजिबात वापरू नका. आणि हा फक्त ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न नाही, गावाचा प्रश्न आहे. का ते सांगतो.

पण आधी पट्टा घेणाऱ्याची बाजू. कारण पट्टा घेणारा प्रत्येक जण क्रूर असतो असं मला बिलकुल वाटत नाही. उलट बहुतेक जण कुत्र्यावर जीव असतो म्हणूनच घेतात. आपल्याकडच्या निम्म्या विहिरींना कठडा नाही. हायवे आता प्रत्येक गावाच्या उशाशी आलाय. सशामागे सुटलेलं कुत्रं ट्रकखाली गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. दुसऱ्याच्या शेळीला धरलं तर भरपाई वेगळी आणि भांडण वेगळं. कोणी डुकरासाठी रानात विष टाकलेलं असतं, कोणी फासे लावलेले असतात. कारवानी कुत्रं एकदा सुटलं की मातीच्या रस्त्यावर मोटारसायकल त्याला गाठू शकत नाही. अशा कुत्र्याला हाकेनं परत आणता येणं म्हणजे त्याचा जीव वाचवणं आहे. ही गरज खरी आहे. ती नाकारून "प्राण्यांवर प्रेम करा" असा उपदेश करणं सोपं आहे, पण त्यानं कोणाचं कुत्रं परत येत नाही.

प्रश्न एवढाच, की ही गरज पट्ट्यानं भागते का?

थोडं आपल्या कुत्र्याबद्दल बोलू. कारवानी, पश्मी, मुधोळ ही सगळी नजरेवर पळणारी कुत्री. वासावर माग काढणारं कुत्रं जमिनीला नाक लावून, थांबत थांबत जातं. आपलं कुत्रं लांबवर काही हललेलं बघतं आणि सुटतं. त्या क्षणी त्याला मालक नको असतो, हुकूम नको असतो. शेकडो वर्षं आपल्याच बापजाद्यांनी असंच कुत्रं निवडलं. जे मागं वळून बघत नाही, स्वतः ठरवतं, एकटं धावतं, त्याचीच पिल्लं पुढं ठेवली. ह्याच गुणामुळं मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं, आणि आज आपण त्याचे फोटो स्टेटसला ठेवतो. आणि त्याच गुणाबद्दल आता त्याला गळ्यात करंट द्यायचा?

आपल्या भाषेतच बघा. कुत्र्याला अंगावर सोडायला आपल्याकडं "छू" आहे. परत बोलवायला "यू यू" आहे. छू करायला पाच वर्षांच्या पोरालाही येतं. पण "यू यू" म्हटल्यावर कुत्र्यानं यावं म्हणून कोणी किती दिवस दिलेत? पिल्लू आणलं, साखळीला बांधलं, सहा-आठ महिन्यांचं झालं की रानात नेऊन छू केलं. परत येणं त्याला कोणी शिकवलेलंच नाही. न शिकवलेल्या गोष्टीबद्दल शिक्षा द्यायला मग यंत्र विकत आणायचं.

आता यंत्र कसं चालतं ते. पट्ट्याला आतून धातूची दोन बोंडं असतात. ती कातडीला टेकलेली असावी लागतात, म्हणजे पट्टा घट्ट हवा. रिमोटवर झटक्याची पातळी कमी-जास्त करता येते. बहुतेकांत आवाजाचं आणि नुसत्या थरथरीचंही बटण असतं. हे तंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठीच बाजारात आलं. आणि तिथले जे जाणकार हा पट्टा वापरतात, तेसुद्धा पहिल्या दिवशी रानात नेऊन बटण दाबायला सांगत नाहीत. त्यांची पद्धत अशी: आधी कित्येक दिवस नुसता बंद पट्टा घालायचा. कुत्र्याला "ये" आधीच लांब दोरीवर पक्कं शिकवायचं. मग कुत्र्याचा कान जेमतेम हलेल एवढ्या सर्वांत कमी पातळीपासून सुरुवात करायची. हाक, हलका झटका, दोरीची ओढ, आणि कुत्रं आपल्याकडं वळलं की त्याच क्षणी झटका बंद. पट्टा तासन् तास गळ्यात ठेवायचा नाही, जागा बदलत राहायची, नाहीतर कातडीला जखमा होतात.

आपल्या गावात असं कोणी करतंय? मी तरी बघितलं नाही. मी बघितलं ते असं. पट्टा आला, चार्जिंग केलं, गळ्यात घातला, रानात सोडलं, ससा उठला, कुत्रं सुटलं. हाक मारली, आलं नाही. बटण दाबलं, आलं नाही. पातळी वाढवली. परत दाबलं. शेवटी इतकी वाढवली की कुत्रं केकाटून जमिनीवर लोळलं. मालक म्हणाला, "बघा, थांबलं की नाही!" थांबलं हो. पण आलं का? कुत्रं लोळून उठलं आणि मालकाच्या उलट दिशेला पळालं. संध्याकाळी घरी आलं ते बैलगाडीखाली जाऊन बसलं आणि दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही.

आता कोणी म्हणेल, हे तुमचं बघण्यातलं झालं, शास्त्र काय म्हणतं? बरोबर आहे. शास्त्रही सांगतो, आणि दोन्ही बाजूंचं सांगतो.

जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यक विद्यापीठात १४ बीगल कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, २००७ साली तो छापून आला. पळत्या खोट्या सशामागं कुत्री सोडली. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला झटका नेमका त्याच क्षणी, जेव्हा तोंड सशाला लागलं. दुसऱ्या गटाला आधी "ये" शिकवलेलं होतं, पळताना हाक मारली आणि आलं नाही तर झटका. तिसऱ्या गटाला कधीही, कारण नसताना. मग लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं. सगळ्यांत जास्त ताण तिसऱ्या गटाला, ते अपेक्षितच होतं. पहिल्या गटात फारशी वाढ नाही. आणि दुसरा नंबर कोणाचा? हाकेला न आल्याबद्दल झटका खाणाऱ्यांचा.

हे नीट समजून घ्या, कारण माझा सगळा मुद्दा इथंच आहे. ज्या कुत्र्याला सशाला शिवल्यावर झटका बसला त्याला कारण कळलं. शिवलं, चटका बसला, आता शिवायचं नाही. आपण गरम तव्यावरून शिकतो तसंच. पण जे पळतंय, ज्याचं सगळं चित्त सशावर आहे, त्याला लांबून आलेली हाक आणि मानेला बसलेला झटका यांचा संबंध लागत नाही. मान दुखली, पण कशामुळं? सशामुळं? समोरच्या बांधामुळं? मालकाच्या आवाजामुळं? आपण गृहीत धरतो की त्याला कळलं. त्याला काहीच कळलेलं नसतं.

नेदरलँड्समध्ये पोलीस आणि राखणीच्या कामाला तयार होणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा अभ्यास झाला, २००४ साली आला. करंटवर शिकलेली कुत्री प्रशिक्षणाच्या बाहेर, साध्या फिरण्याच्या वेळीसुद्धा मालक जवळ असताना ताणाची लक्षणं दाखवत होती. म्हणजे कुत्र्यानं धडा घेतला तो असा, की हा माणूस जवळ असला की दुखतं. आता मला सांगा, ज्या माणसाजवळ दुखतं त्या माणसाकडं कुत्र्यानं धावत यावं, हे कसं जमायचं?

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं २०२० साली थेट हाच प्रश्न घेतला. हाकेला न येणारी, मोकळी सोडली की ऐकत नसलेली ६३ कुत्री. एका गटाला पट्ट्याच्या उत्पादकांनीच सुचवलेल्या प्रशिक्षकांनी पट्ट्यानं शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याशिवाय. तिसऱ्याला बक्षीस-खाऊवर शिकवणाऱ्यांनी. निकाल असा की पट्टा कुठंच सरस ठरला नाही. उलट खाऊवर शिकलेली कुत्री पहिल्याच हाकेला जास्त वेळा आणि लवकर वळली.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत २०२४ साली एक अभ्यास आला, १९ कुत्र्यांवर. पळत्या आमिषामागं धावायचं कसं थांबवायचं हा प्रश्न. तिथं पट्ट्याच्या गटानं धावणं थांबवलं, खाऊच्या गटांनी थांबवलं नाही. झटक्याला कुत्री केकाटली, पण विष्ठेतून मोजलेल्या ताणात गटागटांत फरक दिसला नाही. पट्ट्याचे समर्थक हाच अभ्यास पुढं करतात, आणि करावा. मी तो लपवत नाही. पण त्यात नेमकं काय शिकवलं ते बघा. "ह्याच्या मागं जाऊ नको" हे शिकवलं. हॅनोव्हरच्या पहिल्या गटाचंही तेच. बंदिस्त मैदान, कसलेला हात, अचूक क्षण, ठरलेली वस्तू. अशा ठिकाणी करंट "जाऊ नको" शिकवू शकतो, हे मी मान्य करतो. पण माझ्याकडं येणारा प्रत्येक फोन "माझं कुत्रं परत येत नाही" असा असतो. "ये" शिकवण्यात पट्टा खाऊच्या पुढं जात नाही, आणि वाईट हातात तर मागंच खेचतो.

आणि हात कसा असतो ते आपण जाणतो. रानात कुत्रं पळालं, चार लोकांसमोर हाक मारून येईना, कोणीतरी हसलं. तेव्हा बटणावर जे बोट असतं ते शिकवणारं बोट नसतं, चिडलेलं बोट असतं. काठी मारायची तर निदान कुत्रं हाताशी लागतं, तिथपर्यंत चालत जावं लागतं, तेवढ्यात राग थोडा उतरतो. रिमोटला अंतरच नाही. राग आला तिथंच झटका बसला.

ह्यावर तीन सवाल हमखास येतात. तिन्हींची उत्तरं देतो.

पहिला: "काठीनं बडवण्यापेक्षा, दिवसभर साखळीला बांधण्यापेक्षा हे बरं नाही का?" अर्धा मुद्दा बरोबर आहे. ज्याचं कुत्रं बारा महिने दोन हाताच्या साखळीला उन्हात बांधलेलं असतं, त्यानं पट्टेवाल्याला शहाणपण शिकवू नये. पण काठी वाईट म्हणून करंट चांगला होत नाही. काठी, साखळी, करंट, तिन्हीत कुत्र्याला काय करायचं नाही तेच कळतं. काय करायचं ते कोणीच सांगत नाही.

दुसरा: "रानाला झटका मशीन लावता, डुकरं-जनावरं त्याला लागतात, तेव्हा कुठं जाते तुमची दया?" हा सवाल मला आवडतो, कारण उत्तरातच फरक आहे. झटका मशीनची तार एका जागी असते. जनावर तिला शिवलं की झटका, मागं सरकलं की बंद. तार कोणावर चिडत नाही, रोज जागा बदलत नाही. दोन वेळात जनावराला कळतं आणि ते तारेपासून लांब राहतं. पट्ट्यात मात्र तार गळ्यातच आहे. मागं सरकून जायचं कुठं? आणि जनावरानं तारेपासून लांब जावं हेच तर झटका मशीनचं काम आहे. आपल्याला कुत्रं जवळ यायला हवंय. उलट कामाला उलटं हत्यार!

तिसरा: "परदेशात सगळे वापरतात." सगळे नाही. वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. जर्मनीत सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्ये असा पट्टा वापरणं कायद्यात बसत नाही असं ठरवलं. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून सामान्य मालकाला वापरायला मनाई. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बंदी आणायचं ठरलं होतं, ते नियम मंजुरीआधीच अडकले. अमेरिकेत सर्रास मिळतो. म्हणजे तिथंही वाद चालूच आहे. आपण फक्त त्या वादातला विक्रीचा भाग आयात केलाय.

आता गावाचा प्रश्न का म्हणालो ते. कुत्रं पळत असताना झटका बसला आणि त्या क्षणी समोर लहान पोरगं असलं, तर कुत्र्यानं दुखण्याचा संबंध त्या पोराशी लावला तर? शेजारची कालवड असली तर? कारण न कळता दुखलं तर कुत्रं जे समोर दिसतं त्याच्यावर खापर फोडतं. शांत कुत्रं अचानक पोरांवर गुरगुरायला लागलं, की आपण म्हणतो पिसाळलं. कारवानी कुत्र्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, केस आखूड. घट्ट पट्ट्याच्या बोंडांनी मानेला पडलेल्या जखमा मी बघितल्यात, त्यात किडे पडलेलेही. मानेला हात लावू न देणारं कुत्रं गावात मोकळं फिरणं कोणाच्याच हिताचं नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोललीच पाहिजे. "शिकारी कुत्र्यासाठी" म्हणून जे विकलं जातं, त्यातली शिकार कसली? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं येत नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून काढणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. ससा मिळाला नाही म्हणून सुटका नाही. आपल्या जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. माळढोक आता जवळपास दिसेनासा झाला, पण त्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. ह्या प्राण्यांना मोकळ्या कुत्र्यांचा त्रास आहेच. तेव्हा पट्टा घालून "कंट्रोलमध्ये शिकार" असं काही नसतं. पळवायचंच असेल तर शर्यतीच्या मैदानात आमिषामागं पळवा. कुत्र्याला धावण्याची हौस असते, त्याला सशाच्या रक्ताचं काही पडलेलं नसतं. ती हौस आपली असते.

मग परत कसं बोलवायचं? नुसतं "करू नका" म्हणून थांबणं बरोबर नाही, म्हणून आमच्या घरी करतो ते सांगतो. ह्यात माझा शोध काही नाही, जुनी माणसं आणि चांगले प्रशिक्षक हेच सांगतात.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लापासून सुरू करा. रोज खायला घालताना आधी हाक, मग ताट. हाक एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची. एकानं "यू यू", दुसऱ्यानं शिट्टी, तिसऱ्यानं नाव, असं नको.

हाक एकदाच मारा. दहा वेळा ओरडलं की कुत्रं शिकतं, अकराव्या वेळेपर्यंत वेळ आहे.

चार-पाच महिन्यांचं झालं की पंधरा-वीस हात लांब हलका दोर गळपट्ट्याला लावून मोकळ्या रानात न्या. हुंगत असताना हाक. वळलं की लगेच शाबासकी, जवळ आलं की अंड्याचा तुकडा, कलेजीचा तुकडा, जे त्याला सगळ्यांत आवडतं ते. कोरडी भाकरी घरी रोजच मिळते, तिच्यासाठी कोण सशाला सोडेल? दोर जमिनीवर घासत राहू द्या. न आलं तर ओढू नका, दोर हातात घेऊन उलट दिशेला चालायला लागा. पण पूर्ण वेगात सुटलेल्या कुत्र्याला दोरानं हिसका कधीच देऊ नका, मान मोडेल.

आलं की परत सोडा. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. आपण कुत्र्याला बोलावतो कधी? घरी न्यायचं असलं की, साखळी लावायची असली की. म्हणजे हाक म्हणजे खेळ संपला. मग का यावं त्यानं? दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडा.

उशिरा आलं तरी मारू नका. राग गिळा. तुम्ही उशिरा येण्याबद्दल मारता, कुत्र्याला वाटतं आल्याबद्दल मारलं.

आणि सगळं करूनही शंभर टक्के खात्री कुठल्याच कुत्र्याची देता येत नाही. नजरेवर पळणाऱ्याची तर नाहीच. म्हणून हायवेजवळ, उघड्या विहिरींच्या रानात, शेळ्यांच्या कळपाजवळ, अभयारण्याच्या कडेला दोर सोडायचाच नाही. कुत्रं हरवायची भीती असेल तर गळ्यात घंटा बांधा, ठिकाण दाखवणारा जीपीएसचा पट्टा घ्या. त्या दोन-तीन हजारांत विहिरीला काटेरी कुंपण होतं, ते पोरांच्याही कामाला येईल.

ह्याला सात दिवस लागत नाहीत, सहा महिने लागतात. पण कारवानी कुत्रं दहा-बारा वर्षं घरात असतं. त्यातले सहा महिने जास्त आहेत का?

आता गावानं काय करायचं. सरकारकडं बोट दाखवणं सोपं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोघांचा वडापाव होत नाही. त्या कायद्यात करंटच्या पट्ट्याचा उल्लेखही नाही, तेव्हा असली वस्तू येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. विक्रीवर नियम यावेत, दंड वाढावा ही मागणी केलीच पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा रस्ते-पाण्याबरोबर हेही एकदा काढा.

पण तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, जत्रा कमिट्यांनी शर्यतीच्या मैदानात करंटचा पट्टा घातलेलं कुत्रं आत घ्यायचं नाही असा साधा नियम करावा. नोंदणीच्या टेबलावर गळ्याला हात लावून बघायला अर्धा मिनिट लागतो, मानेला जखम असेल तर तीही दिसेल. दोन, पिल्लं विकणाऱ्यांनी पिल्लासोबत पट्टा विकणं बंद करावं. पिल्लाचे वीस-पंचवीस हजार घेता, तर घेणाऱ्याला हाकेला आणायचं कसं हे अर्धा तास बसून दाखवा. तीन, जी पोरं चांगली कुत्री तयार करतात त्यांनी रविवारी मैदानात बाकीच्यांना शिकवावं. आपल्याकडं तालमी आहेत, तालमीत नवा पोरगा आला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी करंट देत नाही, माती अंगाला लावतो. कुत्र्याचंही तसंच आहे.

पट्टा वापरून कोणाचं कुत्रं खरंच सुधारलं असेल तर त्यांनी खाली लिहावं, कसं वापरलं, किती दिवस, किती पातळीवर, आज पट्टा काढला तर कुत्रं येतं का. मी वाचीन आणि उत्तर देईन. शिव्या घालायच्या असतील तर त्याही चालतील. फक्त एक करा. उद्या सकाळी तुमच्या कुत्र्याला दहा हातांवरून एकदा हाक मारून बघा. रिमोट नाही, काठी नाही, हातात काही नाही. आलं तर त्याला काहीतरी चांगलं खायला द्या. नाही आलं तर ते तुम्हाला कधी शिकवलंच नाही एवढंच सांगतंय.

पोस्ट पटली तर आपल्या भागातल्या कुत्र्यांच्या ग्रुपवर टाका.